साक्षीचे संविधानक : ‘सी. आय. डी.’ (१९५६) या चित्रपटातील कथन आणि स्वभावपरिपोष

१

रहस्यपटाविषयी सुशिक्षित अभिरुचीने एक समज दीर्घकाळ जोपासला आहे. अशा चित्रपटात घटना पुष्कळ आणि माणसे थोडी. कोडे सुटले की पात्रे पटावरील सोंगट्यांप्रमाणे डबीत परत जातात. म्हणून ज्याला स्वभावपरिपोष म्हणतात तो तेथे शोधणे व्यर्थ होय, असे या समजाचे स्वरूप आहे. रहस्यकथेच्या सामान्य उत्पादनाकडे पाहिले असता तो निराधार वाटत नाही. ज्या कथेचा सारा भार ‘खून कोणी केला’ या एका प्रश्नावर असतो, तिला खुनी लपविण्यासाठी प्रत्येकाचेच अंतरंग झाकून ठेवावे लागते. आणि ज्याचे अंतरंग शेवटच्या प्रकरणापर्यंत झाकलेले आहे, त्याच्या मनातील बदल वाचकाला दिसावा कसा?

तथापि हा प्रश्न उलट बाजूनेही विचारता येतो. खुनी कोण हे कथेने पूर्वार्धातच सांगून टाकले, तर जी जागा मोकळी होते ती कशाने भरली जाते? ‘सी. आय. डी.’ या १९५६ सालच्या हिंदी चित्रपटाचे महत्त्व या प्रश्नाच्या संदर्भात आहे. गुरुदत्त यांनी निर्मिलेल्या आणि राज खोसला यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाची कथा इंदर राज आनंद यांची, छायालेखन व्ही. के. मूर्ती यांचे आणि संगीत ओ. पी. नय्यर यांचे. देव आनंद, शकीला, जॉनी वॉकर, के. एन. सिंग, मेहमूद आणि बीर सखुजा यांच्या त्यात भूमिका असून वहिदा रहमान यांचा हा पहिला हिंदी चित्रपट होय. त्याची गाणी आजही ऐकली जातात. त्याचे संविधानक मात्र एका सरधोपट पोलिसी कथेपेक्षा अधिक काही आहे, असा विचार अभावानेच होतो.

प्रस्तुत विवेचनाचे सूत्र असे की, ‘सी. आय. डी.’चा खरा विषय गुन्ह्याचा शोध हा नसून साक्ष हा आहे. जे पाहिले ते बोलून दाखविण्यास कोण तयार होतो, कोणाची जीभ बंद केली जाते आणि कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवला जातो, या तीन प्रश्नांवर त्याची रचना उभी आहे. पात्रांचा परिपोषही तेथेच होतो. जे पात्र साक्षीच्या जबाबदारीला सामोरे जाते ते वाढते. ज्याला ती जबाबदारी येत नाही ते जेथल्या तेथे राहते.

२

या चित्रपटाची जात ज्या नावाने आज ओळखली जाते, ते ‘फिल्म न्वार’ म्हणजे ‘काळा चित्रपट’ हे नाव १९४६ मध्ये फ्रेंच समीक्षक निनो फ्रँक यांनी प्रचारात आणले. महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये न पोचलेले अमेरिकन चित्रपट युद्धानंतर तेथे एकदम दाखविले गेले, तेव्हा त्यांतील अंधार आणि नैतिक संशय फ्रेंच प्रेक्षकांच्या नजरेत भरला. पुढे १९५५ मध्ये बोर्द आणि शोमतों यांनी या प्रकाराचा ग्रंथरूपाने आढावा घेतला. मुंबईच्या कलागृहांतून हे नाव त्या वेळी रूढ होते असे नव्हे. परंतु नाव नसले तरी रीत पोचली होती. खिडकीच्या पट्ट्यांतून येणारा प्रकाश, ओला रस्ता, अर्धा उजळलेला चेहरा आणि रात्रीचे दूरध्वनी ही सामग्री ‘सी. आय. डी.’च्या पहिल्याच दृश्यमालिकेत हजर आहे.

मूळ अमेरिकन प्रकारात सत्य सांगण्याच्या दोन रीती ठळक दिसतात. जॉन ह्यूस्टन यांचा ‘द माल्टीज फाल्कन’ (१९४१) हा पहिल्या रीतीचा आदर्श. डॅशिएल हॅमेट यांच्या १९३० मधील कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात सॅम स्पेड हा खाजगी गुप्तहेर जवळजवळ प्रत्येक प्रसंगात उपस्थित असतो आणि प्रेक्षकाचे ज्ञान त्याच्या ज्ञानाबरोबरच चालते. त्याच्यासमोर येणारा प्रत्येकजण खोटे बोलतो. ब्रिजिड तर स्वतःचे नावच प्रथम खोटे सांगते. अखेरीस आपल्या भागीदाराचा खून तिनेच केला हे स्पेड तिला तोंडावर सांगतो आणि तिच्याविषयी ओढ असतानाही तिला पोलिसांच्या स्वाधीन करतो. येथे स्पेडचा स्वभाव बदलतो असे म्हणण्यापेक्षा तो प्रकट होतो असे म्हणणे योग्य. दुसरी रीत बिली वाइल्डर यांच्या ‘डबल इन्डेम्निटी’ (१९४४) या चित्रपटाची. तेथे विमा कंपनीचा दलाल वॉल्टर नेफ जखमी अवस्थेत कचेरीत येऊन ध्वनिलेखन यंत्रापुढे आपला कबुलीजबाब देतो आणि त्या निवेदनातून सारी कथा मागे वळून उलगडते.

या दोन्ही रीतींत एक साम्य आहे. सत्य ही एका माणसाची खाजगी मिळकत असते. स्पेड ते ओढून काढतो, नेफ ते ओकून टाकतो. समाजासमोर उभे राहून, स्वतःला धोका पत्करून सत्य सांगणे हा दोहोंचा केंद्रबिंदू नाही. ‘सी. आय. डी.’ या ठिकाणी मूळ प्रकारापासून दूर जातो. त्याचा नायक खाजगी गुप्तहेर नसून सरकारी अधिकारी आहे. त्याला सत्य माहीत असून भागत नाही, ते न्यायासनापुढे सिद्ध व्हावे लागते. सत्य सिद्ध करण्यास साक्षीदार हवा, आणि साक्षीदार मिळणे हीच कथेची अडचण आहे.

३

ही दिशा गुरुदत्तांच्या मंडळींना एकाएकी सापडली नाही. ‘बाझी’ (१९५१), ‘जाल’ (१९५२) आणि ‘सी. आय. डी.’ हे तीन चित्रपट ओळीने पाहिले असता तिचा माग लागतो. पहिल्या दोहोंचे दिग्दर्शन गुरुदत्तांचे. तिन्हींचा नायक देव आनंद. ‘बाझी’तील मदन जुगारी आहे आणि बहिणीच्या भवितव्याखातर तो न केलेल्या खुनाची कबुली देतो. म्हणजे तेथे साक्षच खोटी आहे, आणि ती दुसऱ्याने वदविलेली आहे.

‘जाल’ची कथा गोव्याच्या बाजूच्या कोळी वस्तीत घडते, म्हणून सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील वाचकाला ती विशेष परिचयाची वाटावी. टोनी हा चोरटा व्यापार करणारा देखणा भामटा वस्तीत येतो आणि मरिया या कोळ्याच्या मुलीला मोहात पाडतो. व्ही. के. मूर्ती यांनी स्वतंत्र छायालेखक म्हणून केलेले हे पहिले काम. समुद्र, खडक आणि जाळी यांचा त्यांनी केलेला उपयोग चित्रपटाच्या नावाला सार्थ करणारा आहे. परंतु किनाऱ्याच्या जीवनाशी हे प्रतीक ताडून पाहिले की त्यातील एक उणीव दिसते. मालवणच्या किनाऱ्यावर रापणीचे जाळे एका माणसाचे नसते. त्यात वाटेकरी असतात. दोन्ही टोकांचे दोर धरून अनेक हात ते वाळूवर ओढतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. ज्या वस्तीत जाळेसुद्धा सामाईक, तेथे एका परक्या माणसाचे कारस्थान कोणाच्याच नजरेला पडू नये, हे संभवत नाही. सर्वांना थोडे थोडे ठाऊक असते. बोलत मात्र कोणी नाही. हे मौन हा एका थोर चित्रपटाचा विषय होऊ शकला असता. ‘जाल’ त्याच्या काठापर्यंत येऊन मरियेच्या प्रेमकथेकडे वळतो. टोनी शेवटी कायद्याच्या हाती जातो; पण वस्तीने काय पाहिले आणि का सांगितले नाही, हा प्रश्न वाळूवर तसाच राहतो.

‘सी. आय. डी.’ने हा सोडलेला प्रश्न उचलला आणि तो किनाऱ्यावरून शहरात नेला. स्थलांतराची ही दिशाही कोकणाला नवी नाही. ज्या भूभागाचा १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा झाला, त्या तेव्हाच्या दक्षिण रत्नागिरीतील मालवण, वेंगुर्ले, देवगड येथील माणसे आगबोटीने मुंबईस जात आणि गिरणगावात एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या खोल्यांतून राहत. गावात प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखतो, म्हणून मौन पाळावे लागते. शहरात कोणी कोणाला ओळखत नाही, म्हणून पाहूनही न पाहिल्यासारखे करता येते. साक्षीचा प्रश्न दोन्हीकडे आहे. त्याची कारणे मात्र परस्परांच्या उलट आहेत.

४

आता चित्रपटाचे संविधानक साक्षीच्या दृष्टीने मांडून पाहावे. एक बडा गुन्हेगार समाजात प्रतिष्ठेने वावरत आहे. त्याचे बिंग वर्तमानपत्रातून फोडण्याच्या तयारीत असलेल्या श्रीवास्तव या संपादकाला धमक्या येतात आणि अखेर त्याच्या कचेरीतच त्याच्यावर सुऱ्याचा वार होतो. संपादक हा व्यवसायानेच साक्षीदार; त्याची साक्ष छापली जाण्यापूर्वीच नाहीशी केली जाते. त्याच कचेरीत मास्टर नावाचा खिसेकापू चोरीच्या उद्देशाने शिरलेला असतो आणि तो मारेकऱ्याला पाहतो. पहिला साक्षीदार प्रतिष्ठित होता, दुसरा स्वतःच कायद्याचा अपराधी आहे. इन्स्पेक्टर शेखरला जी साक्ष मिळते ती एका चोराची, आणि तिच्यामुळेच शेरसिंग हा मारेकरी सापडतो.

येथवर चित्रपटाचा फार मोठा भाग झालेला नाही, आणि तरीही खुनी कोठडीत आहे. सामान्य रहस्यकथेचा शेवट जेथे व्हायचा तेथे या कथेचा आरंभ होतो. शेरसिंग हा केवळ हात आहे. त्यामागील डोके कोणाचे हे त्याने सांगावयाचे आहे. म्हणजे खुनी पकडला जाताच तो साक्षीदार बनतो. त्याला सोडवावे म्हणून शेखरला एका अनोळखी घरात नेऊन कामिनी नावाची स्त्री लाच देऊ करते, तो नाकारतो. मग शेरसिंगला कोठडीतच ठार केले जाते आणि त्याच्या मृत्यूचा आळ शेखरवर येतो. तिसरी साक्ष अशी बुजविली जाते, आणि तीही अशा रीतीने की चौथ्या माणसाच्या, म्हणजे स्वतः शेखरच्या, शब्दाची किंमत शून्य व्हावी.

या मांडणीची खुबी ध्यानात घेण्यासारखी आहे. प्रत्येक मृत्यू हा एका साक्षीचा मृत्यू आहे. प्रत्येक संकट हे कोणीतरी बोलेल या भीतीतून निघते. त्यामुळे योगायोग आणि पाठलाग पुष्कळ असूनही कथेचा धागा तुटत नाही. पहिल्या पाठलागाचे उदाहरण पाहावे. शेखर मारेकऱ्याच्या मागे जाण्यासाठी रस्त्यातील एका तरुणीची मोटार घेतो, ती रेखा. रागाच्या भरात ती गाडीची किल्लीच फेकून देते आणि पावसात दोघांनाही अडकून पडावे लागते. वरवर पाहता हा प्रणयाच्या आरंभाचा विनोदी प्रसंग आहे. त्याच्या मुळाशी मात्र हेच आहे की, एका सुखवस्तू नागरिकाला रस्त्यावर काय चालले आहे याच्याशी कर्तव्य वाटत नाही. शहराची उदासीनता येथे हसत हसत सांगितली आहे.

निवेदनाचा क्रमही या विषयाला अनुरूप आहे. कथा सरळ काळक्रमाने पुढे जाते. अमेरिकन न्वारपटांत आवडीने वापरलेले भूतकाळाचे कबुलीनिवेदन येथे नाही. कबुलीत बोलणारा आपल्या मनावरील ओझे उतरवितो. साक्षीत बोलणारा नवे ओझे घेतो. पहिली मागे पाहते, दुसरीचे परिणाम पुढे व्हावयाचे असतात. म्हणून साक्षीच्या कथेला वर्तमानातच राहावे लागते.

५

शेखरच्या स्वभावचित्रणाविषयी सर्वसाधारण आक्षेप असा घेता येईल की, तो प्रारंभापासून अखेरपर्यंत सारखाच सज्जन आहे. स्पेडच्या मनात लोभ आणि कर्तव्य यांची जी ओढाताण आहे तिचा येथे मागमूस नाही. लाच समोर येते तेव्हा प्रेक्षकाला क्षणभरही शंका वाटत नाही. हा आक्षेप बव्हंशी खरा आहे. न्वार प्रकाराच्या नायकाला आतून तडा गेलेला असतो. शेखरला परिस्थिती बाहेरून तडा देते. स्वातंत्र्यानंतर नऊ वर्षांच्या आत निघालेल्या चित्रपटाने प्रजासत्ताकाच्या पोलीस अधिकाऱ्याला मनानेही ढळू दिले नाही, हे समजण्यासारखे आहे. पण कलेच्या दृष्टीने ती मर्यादाच होय.

तरीसुद्धा शेखरच्या भूमिकेत एक स्थित्यंतर आहे आणि ते स्थानाचे आहे. पूर्वार्धात तो इतरांकडून साक्ष मागणारा आहे. आपल्या शब्दावर विश्वास ठेवला जातो हे त्याने गृहीत धरलेले असते. हे गृहीतच त्याच्या गणवेशाचे बळ आहे. उत्तरार्धात तो आरोपी होतो, न्यायालयात गोष्टी त्याच्या विरुद्ध जातात, आणि ज्या कायद्याच्या नावाने तो बोलत होता त्याच्यापासूनच त्याला पळावे लागते. आपण खरे बोलत आहोत, पण ऐकणारा कोणी नाही, ही मास्टरसारख्या माणसाची नित्याची अवस्था प्रथमच त्याच्या वाट्याला येते. देव आनंद यांनी या बदलासाठी मोठे भावदर्शन केलेले नाही. चाल मंदावते, बोलण्यातील चटपटीतपणा ओसरतो. एवढ्यावर त्यांनी काम भागविले आहे आणि ते पुरेसे आहे.

याच संदर्भात के. एन. सिंग यांच्या निवडीकडे लक्ष द्यावे लागते. ‘बाझी’त हाच नट नायिकेचा पिता होता आणि गुन्हेगारांचा छुपा म्होरक्याही तोच निघाला होता. ‘सी. आय. डी.’त तो पुन्हा नायिकेचाच पिता आहे, पण पोलीस सुपरिंटेंडेंट म्हणून. मालवणी मुलुखातील दशावताराच्या प्रेक्षकाला या युक्तीचे मर्म चटकन समजावे. दशावतारात संवादांची संहिता लिहिलेली नसते. आख्यान ठरलेले, बोलणे आयत्या वेळचे. पात्र कोणत्या जातीचे हे त्याच्या वेषावरून आणि प्रवेशाच्या चालीवरूनच प्रेक्षक ओळखतो, आणि मग नट बोलू लागला की त्या ओळखीत काय भर पडते हे पाहत बसतो. के. एन. सिंग यांचा चेहरा हिंदी प्रेक्षकाला असाच वेषासारखा पाठ झाला होता. पडद्यावर ते दिसताच संशय जागा होतो, आणि चित्रपट तो संशय वाया जाऊ देतो. खरा म्होरक्या धरमदास हा बीर सखुजा यांच्या सभ्य, अपरिचित चेहऱ्यामागे आहे. चेहऱ्याची साक्ष खोटी असू शकते, हा धडा प्रेक्षकाला अशा रीतीने त्याच्याच सवयीतून दिला जातो.

६

खऱ्या अर्थाने वाढणारे पात्र एकच, आणि ते कामिनीचे. चित्रपटात ती प्रथम येते ती दुसऱ्याच्या इच्छेचे साधन म्हणून. लाच तिच्या हातून दिली जाते. पैसा तिचा नाही, हेतू तिचा नाही, घरही तिचे नाही. पुढे शेखरला ती रेखाच्या घरी, तिची जुनी मैत्रीण म्हणून भेटते. एकाच स्त्रीची दोन घरांत दोन ओळखी असाव्यात, हे पाहून प्रेक्षकाला प्रथमच जाणवते की या स्त्रीला एक आयुष्य होते आणि ते वेगळे होऊ शकले असते. तिच्या पूर्वायुष्याचा पाढा चित्रपट वाचीत नाही, हे उचितच आहे. न सांगितलेल्या भूतकाळाचा जेवढा भार पडतो तेवढा करुण कहाणीचा पडला नसता.

तिच्यातील पालट ज्या प्रसंगात पूर्ण होतो तो प्रसंग गाण्याचा आहे. कायद्यापासून पळणारा शेखर तिच्या आश्रयाला असतो आणि त्याच घरात धरमदास येतो. शेखरला निसटून जाण्यास अवधी मिळावा म्हणून ती धरमदाससमोर गाऊ-नाचू लागते. हिंदी चित्रपटातील गाणे कथेला थांबविते, अशी तक्रार समीक्षक करीत आले आहेत. येथे गाणे थांबले तर माणूस मरेल अशी योजना आहे. म्हणजे गाणे हीच घटना आहे. गाण्याचे शब्द एकाला उद्देशून आहेत, अर्थ दुसऱ्याला. नजर एकीकडे, नेम भलतीकडे. सत्य उघड बोलता येत नाही अशा ठिकाणी ते खोट्याच्या वेषात बोलणे, हे साक्षीचे पहिले, अपुरे रूप होय.

या प्रसंगाची दुसरी बाजू अधिक सूक्ष्म आहे. भुरळ घालण्याची जी कला तिने आजवर धरमदासच्या कामी लावली, तीच कला ती आता त्याच्याविरुद्ध वापरते. तिने कोणताही नवा गुण मिळविलेला नाही. आहे त्याच गुणाचा धनी तिने बदलला. स्वभावपरिपोषाची याहून काटकसरीची रीत सापडणे कठीण. वहिदा रहमान यांच्या मुद्रेवर हसू आणि भय एकामागून एक येत नाहीत, एकाच वेळी असतात. मूर्ती यांचा प्रकाश तिच्या चेहऱ्यावर स्थिर राहतो आणि अंधार भोवतालच्या खोलीसाठी राखून ठेवतो.

‘बाझी’तील लीनेशी तिची तुलना उद्बोधक ठरेल. गीता बाली यांनी रंगविलेली ती नर्तिकाही नायकाला वाचविते. पण गोळी झेलून मरते आणि तिच्या मृत्यूने कथेला गती मिळते. अशा स्त्रीने प्रायश्चित्त म्हणून मरावे हा हिंदी रहस्यपटाचा जवळजवळ नियमच झाला होता. कामिनीलाही इजा होते. परंतु त्यानंतर कथेला गरज असते ती तिच्या जबानीची. धरमदास तिला गप्प करण्यासाठी रुग्णालयापर्यंत येतो आणि तेथेच सापडतो. संपादकाला मारून जी साखळी सुरू झाली ती कामिनीला मारता न आल्याने संपते. ज्या स्त्रीच्या शब्दाला समाजात सर्वांत कमी किंमत, तिच्या शब्दावर शेवटी प्रतिष्ठित गुन्हेगाराचे भवितव्य ठरते. ही चित्रपटातील सर्वांत धीट गोष्ट आहे.

७

हे सर्व मान्य करूनही चित्रपटाचे दोष सांगितले पाहिजेत. रेखेच्या पात्राला साक्षीची वेळ कधी येतच नाही, आणि म्हणून ती आरंभी होती तेवढीच शेवटी राहते. पिता कायद्याच्या बाजूला आणि प्रियकर आरोपीच्या पिंजऱ्यात, अशी विलक्षण कोंडी तिच्यासमोर आहे. पण तिच्यावर विश्वास आणि अश्रू याखेरीज काही सोपविलेले नाही. धरमदासही प्रतिष्ठेच्या बुरख्यापलीकडे माणूस म्हणून उभा राहत नाही.

याहून गंभीर दोष एका प्रश्नाला बगल देण्याचा आहे. कोठडीतील कैदी मरतो आणि त्याला मारहाण केल्याचा आरोप पोलीस अधिकाऱ्यावर येतो, हा प्रसंग कोणत्याही राज्यव्यवस्थेच्या मुळाला हात घालणारा आहे. चित्रपटाने तो निर्माण केला, परंतु अधिकारी निर्दोष आहे हे प्रेक्षकाला अगोदरपासून माहीत असल्याने प्रश्नाची धार बोथट होते. शेखर खरोखरच दोषी असता तर त्याच्याविरुद्ध साक्ष देणारा कोण मिळाला असता? साक्षीचे संविधानक त्याच्या तर्कशुद्ध टोकाला नेले असते, तर या प्रश्नापुढे उभे राहणे प्राप्त होते. तेथे चित्रपट पोलिसांना निर्दोष ठरवून सुटका करून घेतो.

या उणिवेची अंशतः भरपाई मास्टर करतो. जॉनी वॉकर यांच्या या पात्राला मुंबईविषयीचे जे प्रसिद्ध गाणे दिले आहे, ते विनोदी सुटकेचे साधन म्हणून पाहिले जाते. वस्तुतः तीही एक साक्षच आहे: इमारती, ट्राम, मोटारी आणि गिरण्या यांच्या शहरात माणूस तेवढा आढळत नाही, अशी शहराविरुद्ध दिलेली. अखेरच्या कडव्यात कुमकुम यांनी रंगविलेली त्याची सोबतीण तिचे म्हणणे उलट मांडते आणि शहराची बाजू घेते. एकाच गाण्यात आरोप आणि बचाव दोन्ही आहेत. मुंबईस चाकरीला गेलेल्या कोकणी माणसाच्या मनात शहराविषयी हे दोन्ही सूर एकत्र नांदत आले आहेत. गावी परतल्यावर तो शहराला नावे ठेवतो आणि सुट्टी संपताच पुन्हा तिकडे जातो. हिंदी चित्रपटातील एका खिसेकापूने ही द्विधा वृत्ती अचूक बोलून दाखविली, हे त्या पात्राचे लहान महत्त्व नव्हे.

८

राज खोसला यांच्या पुढील कामात साक्षीचा हा विषय पुन्हा येतो, आणि तो मराठीतून येतो, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकाने विसरू नये. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) हा जयंत देवकर यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर आधारलेला चित्रपट. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या प्रमुख भूमिका असलेल्या या चित्रपटाला उत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचे रौप्यपदक लाभले. याच कथेवरून खोसला यांनी ‘मेरा साया’ (१९६६) काढला. त्यात पत्नीचा मृत्यू डोळ्यांदेखत पाहिलेल्या एका वकिलासमोर हुबेहूब तशीच दिसणारी एक आरोपी स्त्री येते आणि मीच तुमची पत्नी असे भर न्यायालयात सांगते. संसारातील खाजगी खुणा ती एकामागून एक पटवून देते, तरी तिच्यावर विश्वास बसत नाही. जुळ्या बहिणींचा उलगडा होईपर्यंत सारा चित्रपट एका स्त्रीच्या न मानलेल्या साक्षीवर तोललेला आहे.

कामिनीच्या शब्दावर विश्वास ठेवला जाईल की नाही, हा प्रश्न ‘सी. आय. डी.’ने अखेरच्या काही मिनिटांपुरता उभा केला होता. दहा वर्षांनी त्याच दिग्दर्शकाला त्या प्रश्नाचे संपूर्ण रूप एका मराठी कथेत सापडले. ‘पाठलाग’चा विचार ‘मेरा साया’चे मूळ एवढ्यापुरताच केला जातो, तो मराठी रहस्यपटाने साक्षीच्या विषयाला दिलेले उत्तर म्हणून व्हावयास हवा.

रहस्यपटात माणसे नसतात या समजाकडे आता पुन्हा वळता येईल. माणसे तेथे असतात. फक्त ती कोठे पाहावीत हे ठाऊक असावे लागते. ‘सी. आय. डी.’त गुन्हा शोधणारा नायक फारसा बदलत नाही, कारण सत्याची बाजू घेण्यासाठी त्याला स्वतःशी झगडावे लागत नाही. ते ज्यांना गमवावे लागेल असे काही असते, अशांच्या बाबतीत घडते: कचेरीत चोरून शिरलेला एक खिसेकापू, आणि दुसऱ्याच्या घरात दुसऱ्याच्या इच्छेने राहणारी एक स्त्री. ‘जाल’मधल्या कोळी वस्तीने जे पाहिले आणि सांगितले नाही, ते शहरातील या दोघांनी सांगितले. मौनातून बोलण्याकडे जाणे हाच त्यांचा स्वभावपरिपोष, आणि तोच या चित्रपटाच्या कथनाचा कणा होय.